उघड्या कोळसा खाणीतलं पाणी आणि रस्ते : मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी सध्या मुलुंडला राहतो, पण नोकरीची बरीच वर्षं विदर्भातल्या वणी-घुग्घुस पट्ट्यातल्या ओपनकास्ट खाणींत गेली. जून उजाडला की सोसायटीतले, नात्यातले, मायनिंगचा डिप्लोमा करणारी पोरं, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, इकडे सबवेत पाणी भरलं की तर जास्तच. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीत, कारण तिथे खरंच सांगण्यासारखं आहे.

ओपनकास्ट म्हणजे नेमकं काय आणि तिथे पाण्याचं एवढं काय?

वरची माती आणि दगड काढून टाकायचा, त्याला आम्ही ओबी म्हणतो, आणि खालचा कोळसा उघड्यावर काढायचा. पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरत जायचं, एकेका पायरीला बेंच म्हणतात. म्हणजे शेवटी होतो काय तर एक अवाढव्य वाटीसारखा खड्डा. आता मुंबईत हिंदमाताला पाणी का तुंबतं तर तो भाग बशीसारखा खोलगट आहे, पण तिथलंही पाणी उशिरा का होईना समुद्राकडे जातं, ओहोटी लागली की सुटका होते. खाणीला ओहोटी नाही ना. वाटीत पडलेला प्रत्येक थेंब तळाशी जाणार आणि तळाशी काय असतं, तर नेमका आपल्याला हवा असलेला कोळसा. तिथून पाणी बाहेर काढायला पंपाशिवाय दुसरी वाट नाही.

पाणी येतं कुठून, फक्त पावसाचंच?

पाऊस तर आहेच, चंद्रपूरकडे वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटर पडतो, मुंबईपेक्षा बराच कमी, पण तो सगळा खड्ड्यात जमा होतो. दुसरं म्हणजे झिरपा. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांच्या वर कामठी वालुकाश्म आहे, तो दगड पाणी धरून ठेवतो, त्यामुळे भर मे महिन्यातसुद्धा बेंचच्या भिंतीतून पाण्याच्या धारा लागलेल्या दिसतात. म्हणून पंप बारा महिने चालतात.

तिसरं नदी. वर्धा, पैनगंगा, इरई या नद्यांच्या काठाकाठानेच खाणी आहेत, आणि जुलै २०२२ ला या नद्यांना काय पूर आला होता ते विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही. छत्तीसगडमध्ये २०१९ च्या सप्टेंबरअखेर लीलागर नदीचं पाणी थेट दीपका खाणीत घुसलं होतं. म्हणून नदीकडच्या बाजूला मातीचा बांध घालतात आणि पावसाळ्यात त्याच्यावरून रोज माणूस चालत गेला पाहिजे, उंदराचं बीळ दिसलं तरी त्याची नोंद झाली पाहिजे.

चौथं सगळ्यात वाईट, जुन्या भूमिगत खाणींत साठलेलं पाणी. जुने नकाशे चुकले आणि मध्ये दगडाची भिंत पातळ राहिली की एका क्षणात सगळं फुटतं. धनबादजवळच्या चासनाला या खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला असंच पाणी फुटून ३७० च्या वर माणसं गेली. ती भूमिगत खाण होती, पण ओपनकास्टवाल्यांनीही ते विसरू नये, कारण आपल्याकडे कित्येक ओपनकास्ट जुन्या भूमिगत कामांवरच उघडल्यात.

एका मोठ्या पावसात किती पाणी जमा होतं, काही अंदाज?

हिशोब सोपा आहे, पाठच करून ठेवा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर. समजा खड्डा १०० हेक्टरचा आहे आणि दिवसभरात १०० मिमी पडला, तर झाले एक लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर. थोडं मुरतं, थोडं वरच्या बेंचवर अडकतं, पण मोठा भाग खाली येतोच. आता सेकंदाला २०० लिटर फेकणारा चांगला मोठा पंप लावला तर तासाला ७२० घनमीटर निघतं. भाग देऊन बघा, एका पंपाला जवळजवळ सहा दिवस लागतात, तेही एक मिनिट बंद न पडता आणि मधल्या काळात थेंबही न पडता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला होता, तेवढा एखाद्या खाणीवर पडला तर काय होईल ते याच आकड्यांवरून काढता येईल.

मग पंप वाढवले की झालं ना?

नाही. नवीन पोरं इथेच चुकतात. पंपाच्या आधी नालीचा विचार करायचा. खड्ड्याच्या भोवती वरच्या अंगाला जी नाली खणतात तिला गारलँड ड्रेन म्हणतात, गळ्यातल्या हारासारखी सगळीकडून फिरते, आणि आजूबाजूच्या शेतातलं, टेकडावरचं, ओबीच्या डंपवरचं, म्हणजे ढिगावरचं, पाणी खड्ड्यात येऊच देत नाही, बाहेरच्या बाहेर वळवते. जे पाणी आत आलंच नाही ते उपसायला वीज लागत नाही. पण नाली मार्चमध्ये खणून ठेवली आणि जूनपर्यंत त्यात काळी माती ढासळून अर्धी भरली, तर कागदावर नाली आहे आणि पाणी खड्ड्यात, असं होतं. मी कित्येकदा बघितलंय. पावसाळ्याच्या तोंडाशी ती पूर्ण चालत जाऊन बघायची, जीपमधून नाही.

आणि आतल्या प्रत्येक बेंचला पण उतार आणि नाली हवी, नाहीतर वरच्या बेंचचं पाणी कडेवरून खालच्या फेसवर, म्हणजे खोदकाम चालू असलेल्या उभ्या भिंतीवर, कोसळतं आणि जाताना कडा पण घेऊन जातं.

सम्प म्हणजे काय आणि तो कुठे करतात?

तळातली मुद्दाम खोल केलेली जागा, जिथे सगळं पाणी गोळा करायचं आणि तिथून उपसायचं. मुंबईत परळला आणि दादरला हिंदमाताचं पाणी साठवायला जमिनीखाली मोठ्या टाक्या केल्यात, कल्पना तीच, पंपाला आणि पाण्याला श्वास घ्यायला जागा.

पंप काठावर ठेवून चालत नाही, कारण पंप पाणी खालून ओढतो ते फार तर सहा-सात मीटर, त्याच्यावर ओढतच नाही. पाण्याची पातळी तर रात्रीत वर-खाली होते. म्हणून पंप तराफ्यावर ठेवतात, त्याला पाँटून म्हणतात, पाण्याबरोबर तो पण वर येतो. आणि वर फेकायला ताकद किती लागते बघा, तोच सेकंदाला २०० लिटरचा पंप १०० मीटर उंच पाणी चढवणार असेल तर साधारण २८० किलोवॅट वीज खातो, म्हणजे दर तासाला २८० युनिट. आपल्या घरात एवढे युनिट महिनाभर पुरतात.

इथे पंप खलाशांबद्दल, म्हणजे पंप चालवणाऱ्या माणसांबद्दल, लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. रात्री दोन वाजता, पाऊस कोसळतोय, सगळी खाण थांबलीय, आणि हा माणूस एकटा तराफ्यावर. टॉर्च पाईपाच्या सांध्यावर, एक हात पाईपावर ठेवलेला, कारण पंप हवा ओढायला लागला की आवाजाच्या आधी हाताला कळतं, थरथर बदलते. काठाला त्याने खुणेची काठी ठोकलेली असते आणि दर अर्ध्या तासाने पाणी किती बोटं चढलं ते वहीत लिहितो, वही प्लास्टिकच्या पिशवीत. मीटर-बिटर नंतर आले, पण मी कित्येक निर्णय त्या वहीवरून घेतलेत आणि ती वही कधी चुकली नाही. अशा माणसाला लाइफ जॅकेट, दोरी आणि सोबतीला दुसरा माणूस मिळालाच पाहिजे. ही चैन नाही.

पावसाळ्यात तळातला कोळसा बुडू देतात हे खरंय का?

हो, आणि ते शहाणपणाचं आहे. पावसाळ्याचं प्लॅनिंग असंच करतात की जूनच्या आत तळातला कोळसा जमेल तेवढा काढून घ्यायचा, मशिनरी वर आणायची, आणि सगळ्यात खालची जागा चार महिने पाण्याला देऊन टाकायची. वरच्या बेंचवर काम चालू राहतं. जो सगळंच कोरडं ठेवायला जातो त्याचं शॉव्हेल, म्हणजे खोदून डंपर भरणारं मोठं यंत्र, एखाद्या रात्री पाण्यात उभं राहतं.

हॉल रोड म्हणजे काय, साधा रस्ताच ना?

डंपर ज्या रस्त्याने फेसपासून डंपपर्यंत किंवा कोळशाच्या यार्डापर्यंत जातात तो. ६० टनी डंपर भरला की स्वतःचं वजन धरून शंभर टनांच्या आसपास जातो, आणि त्याच्याहून मोठे पण असतात. आपल्या रस्त्यावरचा ट्रक त्याच्यापुढे खेळणं वाटतो. नियमाप्रमाणे चढ १ ला १६ पेक्षा, म्हणजे सोळा मीटरला एक मीटरपेक्षा, उभा नको, छोट्या रॅम्पवर १ ला १० पर्यंत चालतो. वळणावर ड्रायव्हरला निदान ३० मीटर पुढचं स्वच्छ दिसलं पाहिजे. दोन्हीकडून वाहतूक असेल तर रुंदी सगळ्यात मोठ्या डंपरच्या तीन-साडेतीन पट ठेवतात. आणि जिथे रस्ता आजूबाजूपेक्षा उंच आहे तिथे कडेला मातीचा बांध, बर्म, त्याची उंची सगळ्यात मोठ्या डंपरच्या टायरपेक्षा कमी नको.

मग डांबर नाहीतर काँक्रीट का करत नाहीत?

कारण खाण सरकते. आज जिथे रस्ता आहे तिथे पुढच्या वर्षी खड्डा असेल. बाहेरच्या कायमच्या रस्त्यांना काँक्रीट करतात, आतल्यांना खडी, मुरूम आणि रोजचा ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करणारं यंत्र.

पावसात रस्ता नेमका बिघडतो कसा?

पाणी रस्त्यावर पडतं म्हणून नाही बिघडत, पाणी रस्त्यावर थांबतं म्हणून बिघडतो. माझं इतक्या वर्षांचं एकच म्हणणं आहे, आधी पाण्याला वाट द्या आणि मग खडीची ऑर्डर द्या. लोक उलट करतात, रस्ता खराब झाला की ट्रकच्या ट्रक खडी टाकत बसतात आणि कडेची नाली तशीच तुंबलेली.

वणी-चंद्रपूरची काळी माती बघा. मे महिन्यात तिला भेगा पडतात, कोपरापर्यंत हात जातो आत. पाणी प्यायली की फुगते आणि लोण्यासारखी होते, वजन धरतच नाही. हॉल रोडच्या खाली ही माती राहिली आणि पाणी मुरत गेलं की वरून रस्ता ठीक दिसतो पण डंपर गेला की गादीसारखा दबतो आणि परत वर येतो. तो दिसला की समजायचं रस्ता आतून गेलाय. म्हणून मुळातच काळी माती काढून टाकायची, ओबीतला टणक दगड खाली, त्याच्यावर बारीक खडी, वर मुरूम, प्रत्येक थर दाबून, आणि मधून कडेकडे मीटरला दोन-तीन सेंटिमीटर उतार. उतार कमी झाला तर पाणी साचतं, फार दिला तर पाणी मुरूम धुऊन नेतं आणि डंपर पण कडेकडे ओढला जातो.

एकदा चाकोरी पडली की पाणी चाकोरीतूनच वाहतं, ती अजून खोल होते, पुढचा डंपर त्याच चाकोरीत. शंभर टनी गाडीला कडक रस्त्यावर नुसतं पुढे ढकलायला साधारण दोन टनांचा जोर लागतो, चिखलात तोच आठ टन किंवा जास्त. एवढं डिझेल जातं कुठे, म्हणून विचारतात ना, ते चिखलात जातं.

खड्डा पडला तर कसा भरायचा? मुंबईत तर भरला की आठवड्यात परत पडतो.

कारण पाण्यातच भरतात. खाणीतही हीच चूक होते. आधी साचलेलं पाणी कडेला चर मारून काढायचं, मऊ झालेला चिखल खरवडून कडक भाग लागेपर्यंत काढायचा, मग रस्त्याला जो माल वापरलाय तोच थराथराने भरायचा आणि दाबायचा. चिखलावर मोठे दगड टाकणं सगळ्यात वाईट. दगड खाली रुततात नाहीतर वर राहतात, आणि वर राहिलेला दगड टायर कापतो. ओलं रबर कोरड्या रबरापेक्षा लवकर कापलं जातं, पाणी वंगणासारखं काम करतं, म्हणून टायर जास्त करून पावसाळ्यात फाटतात. डंपरमधून दगड सांडला तर ग्रेडर येईपर्यंत थांबायचं नाही, जो पहिला बघेल त्याने कळवायचं.

पाऊस चालू असताना डंपर कधी थांबवायचे, कोण ठरवतं?

शिफ्ट इन्चार्ज ठरवतो, आणि ऑपरेटरने सांगितलं की गाडी सरकतेय तर त्याचं ऐकायचंच, त्याच्याशी वाद घालायचा नाही.

माझ्या बाबतीत घडलेलं सांगतो. मे संपत आलेला, सेकंड शिफ्ट, रॅम्पवर टँकरने पूर्ण रुंदीला पाणी मारलेलं, आणि वीस मिनिटांत वळवाची सर आली, जेमतेम दहा मिनिटं. मला वाटलं एवढ्याने काय होतंय, मी वाहतूक थांबवली नाही. उन्हाळाभराची पिठासारखी धूळ साबणासारखी झाली होती. एक रिकामा डंपर उतरत होता, त्याने ब्रेक लावला आणि मागचा भाग हळूहळू फिरला, अगदी सावकाश, मी वरून बघत होतो आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. पुढचं चाक बर्मवर चढलं आणि गाडी थांबली. पलीकडे दोन बेंचची खोली. तो बर्म आठवडाभरापूर्वीच माती ढकलणाऱ्या डोझरने उंच केला होता. ऑपरेटर खाली उतरला तेव्हा काही बोलला नाही, फक्त बर्मच्या मातीला हात लावून उभा राहिला.

त्यानंतर मी नियमच केला, पहिल्या सरीला सगळं थांबवायचं. भर पावसाळ्यातल्या पावसापेक्षा पहिली सर जास्त धोक्याची, कारण धूळ धुऊन गेलेली नसते. आणि लोकांना वाटतं भरलेला डंपर धोक्याचा, पण निसरड्या उतारावर रिकाम्यालाही तेवढंच जपायचं, मागच्या चाकांवर वजन नसतं त्यामुळे ती लवकर घसरतात. पाऊस थांबल्यावर पण लगेच सोडायचं नाही, ग्रेडरने वरचा निसरडा थर खरवडायचा, एक गाडी हळू सोडून बघायची, मग बाकीच्या.

मग उन्हाळ्यात रस्त्यावर पाणी मारतात ते कशाला?

धुळीसाठी. धुळीत पुढचा डंपर दिसत नाही आणि ती छातीत जाते ते वेगळंच. पण थोडं आणि वारंवार मारायचं, आणि रॅम्पवर पूर्ण रुंदीला सलग मारायचं नाही, तुकड्या-तुकड्याने मारायचं म्हणजे चाकाला कोरडी जागा मिळत राहते. पाणी बहुतेक सम्पमधलंच वापरतात.

उपसलेलं पाणी सरळ नदीत सोडतात का?

सोडायचं नसतं. आधी सेटलिंग टँकमध्ये थांबवून गाळ बसू द्यायचा. नियमाप्रमाणे बाहेर सोडायच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत आणि पीएच ५.५ ते ९ च्या मध्ये हवा, तेल आणि ग्रीस १० मिलिग्रॅमच्या आत. टँक गाळाने भरला आणि साफ केला नाही तर पाणी नुसतं एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जातं, आणि नाल्याच्या खालच्या गावाला काळं पाणी मिळतं. त्या गावातल्या बाईने हंडा उपडा करून दाखवला की कुठलाही रिपोर्ट पुढे करायची हिंमत होत नाही.

नीट शुद्ध केलं तर हेच पाणी कामाचं आहे. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीच्या खाणीचं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरलं जातं.

या सगळ्याचा मुंबईशी काय संबंध?

चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे, ते आजूबाजूच्या खाणींच्या कोळशावर चालतं आणि राज्याच्या ग्रिडला वीज देतं. मुलुंड-भांडुपला महावितरणचीच वीज आहे. उपनगरांना वीज देणारं डहाणूचं ५०० मेगावॅटचं केंद्र पण कोळशाचंच. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये देशभर कोळशाची टंचाई झाली त्यात खाणपट्ट्यातला जोरदार पाऊस हे एक कारण होतं. कोळसा जमिनीत होताच, तो वेळेवर बाहेर येत नव्हता. शिवाय ओला कोळसा बंकरला चिकटतो आणि त्याची उष्णता पाणी वाळवण्यातच जाते.

माझा मुलगा जुलैमध्ये खाणीत जॉइन होतोय. त्याला काय सांगू?

ताई, आधी हे सांगा की पहिल्या दिवशी गारलँड ड्रेन पूर्ण पायी फिरून ये. पाऊस मोजायच्या रेनगेजचा रोजचा आकडा आणि सम्पची पातळी स्वतःच्या वहीत लिहीत जा, महिन्याभरात किती मिलिमीटरला सम्प किती चढतो ते कळायला लागेल. डंपच्या पायथ्याशी पाणी साचलेलं दिसलं किंवा बेंचच्या कडेला बारीक भेग दिसली तर तिथे उभं राहायचं नाही, लांब होऊन आधी कळवायचं. ऑपरेटर आणि पंप खलाशी वयाने मोठे असतात, त्यांना काका म्हण आणि त्यांच्याकडून शिक.

सोबत गुडघ्यापर्यंतचे गमबूट, दोन जोड जास्तीचे मोजे, चमकणाऱ्या पट्ट्यांचा रेनकोट, चांगली टॉर्च आणि वहीसाठी प्लास्टिकची पिशवी. छत्री देऊ नका, तिथे दोन्ही हात मोकळे लागतात.